दोष देवनागरीला देऊ नका

उल्हासनगरच्या बाजारात, अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या गाळ्यांत आणि बदलापूरच्या कॉम्प्युटर क्लासांत एक सल्ला सर्रास कानावर पडतो: "पायथनमधून सी लायब्ररीला मजकूर द्यायचा असेल तर तो इंग्रजीतच ठेव. मराठी घातलंस की प्रोग्रॅम बोंबललाच म्हणून समज." सल्ला देणारा अनुभवी असतो, ऐकणारा नवशिका असतो. त्यामुळे सल्ल्याचा हळूहळू नियम होतो. दुकानदाराला सांगितलं जातं, "शेठ, नावं इंग्रजीत भरा." कारखान्यात सांगितलं जातं, "लेबलवर मराठी येणार नाही, सिस्टीम घेत नाही." हा नियम तांत्रिकदृष्ट्या चूक आहे आणि माणसांवर अन्याय करणारा आहे. तो फेटाळायला हवा, आणि का ते इथे सविस्तर मांडतो.

आधी समोरच्याची बाजू नीट समजून घेऊ. बिलाचा प्रिंटर, वजनकाटा, ड्रमवर लेबल मारणारं यंत्र यांच्यासोबत येणारी डीएलएल बहुतेक वेळा सी भाषेत लिहिलेली असते. वरचा प्रोग्रॅम हल्ली पायथनमध्ये लिहिला जातो, कारण तो लवकर लिहून होतो. दोघांच्या मध्ये मजकुराची देवाणघेवाण होते. इंग्रजी नाव नीट छापलं जातं; मराठी नावाच्या शेवटी चौकोन येतो, कधी निम्मं नाव गायब होतं, कधी प्रोग्रॅमच बंद पडतो. काउंटरवर गिऱ्हाईक ताटकळत असताना दुरुस्तीला वेळ नसतो. मग मराठी काढली जाते आणि गाडी पुढे जाते. पाहिलेलं सगळं खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे.

पायथन आणि सी यांच्या सीमेवर मजकूर ओलांडताना तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. मजकूर किती बाइटचा आहे? तो कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे? आणि ज्या मेमरीत तो ठेवला आहे तिचा मालक कोण, ती कोण मोकळी करणार? या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवली नाहीत तर इंग्रजीही बिघडते, फक्त उशिरा बिघडते. देवनागरी ती चूक लवकर उघड्यावर आणते, एवढाच तिचा अपराध.

ही चूक आली कुठून, याला इतिहास आहे. भारतीय मानक ब्यूरोनं १९९१ साली इस्की हे मानक प्रमाण केलं. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानानं ते सरकारी कचेऱ्यांपर्यंत पोचवलं. इस्कीत प्रत्येक चिन्हाला एक बाइट लागे. उल्हासनगर या नावात उ, ल, हलन्त, ह, काना, स, न, ग, र अशी ९ चिन्हं आहेत. इस्कीत ती ९ बाइटांत बसत. त्या काळी सी मध्ये गावाच्या नावासाठी २० बाइटची जागा ठेवणारा माणूस शहाणाच होता. पुढे युनिकोड आलं. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेली यूटीएफ-८ ही पद्धत जगभर रुळली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. तेच उल्हासनगर २७ बाइटचं झालं. अंबरनाथ आणि बदलापूर प्रत्येकी ७ चिन्हांची, म्हणजे २१ बाइटची. डेटा बदलला, एन्कोडिंग बदललं, पण सी मधला २० चा आकडा तसाच राहिला. जागेचं माप जुनं आणि माल नवा. यात लिपीचा काय दोष?

आता या २० बाइटच्या जागेत काय होतं ते जवळून बघा. शेवटचा एक बाइट सी च्या शून्यासाठी राखीव, म्हणून मजकुराला १९ उरतात. अंबरनाथची पहिली ६ चिन्हं १८ बाइट घेतात आणि उरलेल्या एका बाइटात 'थ' चा पहिला तुकडा येऊन बसतो. हा तुकडा पायथनकडे परत आला की पायथन त्याचं वाचन नाकारतो: अठराव्या स्थानावर अपुरा बाइट आहे, असा एरर देतो. प्रोग्रॅमर वैतागतो आणि म्हणतो, मराठीनं प्रोग्रॅम पाडला. खरं तर पायथननं त्याला वाचवलं.

कारण यापेक्षा वाईट असं, की एरर येतच नाही. कुणीतरी हुशारीनं कापणं ३ च्या पटीत आणतो, म्हणजे १८ बाइटवर. मग उल्हासनगरचं काय होतं? पहिली ६ चिन्हं उरतात: उल्हास. ते वैध यूटीएफ-८ आहे, शुद्ध मराठी आहे, आणि नदीचं नाव आहे. एरर नाही, चौकोन नाही, प्रश्नचिन्ह नाही. शहराच्या जागी नदी डेटाबेसमध्ये जाऊन बसते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

पहिला आक्षेप: "म्हणूनच इंग्रजी वापरा, ती सुरक्षित आहे."

नाही, नाही आणि नाही. सीटाइप्स हे पायथनचं सोबत येणारं साधन घ्या. २००६ सालच्या पायथन २.५ पासून ते आहे, आणि आपल्या भागातली अनेक यंत्रं त्याच्याच आधारानं जोडली जातात. त्यात फंक्शनचे आर्ग्युमेंट प्रकार सांगितले नाहीत आणि सरळ पायथनची स्ट्रिंग दिली, तर ती साध्या अक्षरांचा पॉइंटर म्हणून जात नाही, रुंद अक्षरांचा पॉइंटर म्हणून जाते. रुंद अक्षर विंडोजवर २ बाइटचं, लिनक्सवर ४ बाइटचं. आता रोमन लिपीतलं उल्हासनगर पाठवा. पहिलं अक्षर यू. त्याचा एक बाइट, आणि लगेच पुढे शून्य. सी ला शून्य दिसलं की मजकूर संपला. बिलावर फक्त 'यू' छापला जातो.

मराठीत पाठवा. 'उ' चा युनिकोड क्रमांक हेक्साडेसिमल पद्धतीत ०९०९. हे दोन्ही बाइट सी च्या दृष्टीनं टॅब आहेत. लिनक्सवर दोन टॅब आणि मग शून्य, म्हणजे कोरी जागा. विंडोजवर दोन टॅब, मग 'ल' मधून आकडा २, हलन्तातून रोमन एम, 'ह' मधून आकडा ९, आणि मध्ये मध्ये टॅब. बघणारा म्हणतो, "बघ, इंग्रजीचं निदान एक अक्षर तरी आलं." दोन्ही मजकूर सारखेच चुकले आहेत. दोन्हीवर उपायही एकच आहे: आर्ग्युमेंटचा प्रकार जाहीर करा, स्ट्रिंगचं यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करून बाइट्स पाठवा. एका ओळीचं काम आहे. ती ओळ लिहायची नाही आणि खापर लिपीवर फोडायचं, हा कुठला न्याय?

शिवाय निव्वळ इंग्रजी बिल आता उरलंय कुठे? रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० साली सरकारनं स्वीकारलं आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आलं. यूटीएफ-८ मध्ये तेही ३ बाइटचं आहे. सी चा प्रिंटएफ रकान्याची रुंदी बाइटांत मोजतो, त्यामुळे ₹ असलेल्या ओळीचा रकाना दोन घरं डावीकडे सरकतो आणि बेरजेची ओळ वाकडी दिसते. सगळी अक्षरं रोमन असली तरी. ज्यांनी मराठी काढून टाकली, त्यांच्या बिलात तीच चूक रुपयाच्या रूपानं बसलेली आहे.

दुसरा आक्षेप: "तीनपट मोठा बफर घ्या, विषय संपला."

विषय संपत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात महाराष्ट्र शासनानं आईचं नाव अनिवार्य केलं: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. एक काल्पनिक नाव घेऊ: आराध्या वैष्णवी ज्ञानेश्वर कऱ्हाडे. रोमनमध्ये हे ३७ बाइटांत मावतं. देवनागरीत ३१ चिन्हं आणि ३ मोकळ्या जागा, म्हणजे ९६ बाइट. पूर्वी तीन शब्दांच्या नावासाठी '६४ पुरे' म्हणून ठेवलेल्या बफरमध्ये ६३ बाइट बसतात, आणि नाव होतं 'आराध्या वैष्णवी ज्ञाने' अधिक एक तुटका बाइट. वडिलांचं नाव अर्धं, आडनाव साफ गायब. उद्या शासन आणखी एक निर्णय घेईल, परवा कुणी पत्त्यात सोसायटीचं पूर्ण नाव घालेल. प्रत्येक वेळी आकडा वाढवत बसणार का?

तीनपटीचा हिशेबही सगळीकडे लागू पडत नाही. सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहिली तर एका अक्षराला २ बाइट लागतात. बहुतेक इमोजींना ४ लागतात. मराठीतच 'कऱ्हाडे' हे आडनाव नुक्तेवाल्या 'ऱ' च्या एका क्रमांकानं लिहिलं तर २१ बाइट होतात, आणि 'र', हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिलं तर २४. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात. तेव्हा गुणाकार करून अंदाज बांधणं सोडा. नेमकी लांबी मोजून पाठवा.

आणि ठरावीक बफर हा फक्त मराठीचा शत्रू आहे असं समजू नका. २०२१ साली खुद्द पायथनच्या सीटाइप्समध्ये एक सुरक्षेची खोट सापडली, सीव्हीई-२०२१-३१७७ या क्रमांकानं ती नोंदली गेली. आतल्या सी कोडमध्ये २५६ बाइटचा बफर होता. त्यात एक प्रचंड मोठी दशांश संख्या छापायला सांगितली की आकडेच तीनशेच्या वर जात आणि बफर फुटून बाहेर सांडे. तिथे देवनागरीचं एक अक्षरही नव्हतं, निव्वळ आकडे होते. दुरुस्ती करताना पायथनच्या मंडळींनी बफर मोठा केला नाही. ठरावीक बफरच काढून टाकला. शिकायचं ते यातून.

तिसरा आक्षेप: "तुटके बाइट दुर्लक्षित करा. एरर बंद होतो."

या सल्ल्याला माझा सर्वांत तीव्र विरोध आहे. पायथनमध्ये डीकोड करताना 'इग्नोर' असा पर्याय देता येतो; तो दिला की न कळणारे बाइट गुपचूप टाकले जातात. अनेक प्रोग्रॅमांत तो 'तात्पुरता' म्हणून घुसतो आणि कायमचा राहतो.

त्यामुळे मजकूर शेवटी कापला गेल्याचा इशाराच दाबला जातो, आणि मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, हे या ठिकाणी विसरून चालत नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांचा विचार करा. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १०८ नं तिथल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावणं बंधनकारक केलं होतं. समजा, लेबलच्या यंत्राला एक सूचना पाठवली: 'व्हॉल्व्ह उघडायचा नाही'. मोकळ्या जागा धरून ही २२ चिन्हं. प्रोग्रॅमर म्हणतो, ५० ची जागा आहे, भरपूर झाली. आता बाइट मोजा. 'व्हॉल्व्ह' ची ९ चिन्हं, २७ बाइट. मोकळी जागा, २८. 'उघडायचा' ची ७ चिन्हं, एकूण ४९. पुन्हा मोकळी जागा, ५०. 'नाही' चे १२, एकूण ६२. पन्नासच्या बफरमध्ये शेवटचं शून्य सोडून नेमके ४९ बाइट बसतात. लेबलवर काय छापलं जाईल?

'व्हॉल्व्ह उघडायचा'.

एकही अक्षर तुटलेलं नाही. पायथन तक्रार करणार नाही, सी तक्रार करणार नाही, प्रिंटर तक्रार करणार नाही. वाक्य व्याकरणशुद्ध आहे आणि अर्थ बरोबर उलटा आहे. पुढच्या शिफ्टचा माणूस ते वाचेल आणि वाचल्याप्रमाणे वागेल. ज्यांना बाइट मोजणं हा पुस्तकी काथ्याकूट वाटतो, त्यांनी या लेबलसमोर उभं राहून तेच म्हणून दाखवावं.

आणि हे टाळणं अवघड आहे का? सी चं एसएनप्रिंटएफ हे फंक्शन मजकूर कापतं, पण पूर्ण मजकुराला किती बाइट लागले असते तो आकडा परत देतं. इथे ते ६२ देईल. तो आकडा ५० किंवा त्याहून मोठा आहे की नाही, एवढं तपासायचं आणि असेल तर काम थांबवायचं. तो आकडा न वाचता फेकून देणं ही खरी चूक. कापायचंच असेल तर पायथनच्या बाजूला, माणसाला विचारून, शब्दाच्या हद्दीवर कापावं. सुरक्षेची सूचना तर कापूच नये. ती मावत नसेल तर छपाई नाकारावी.

चौथा आक्षेप: "पायथन ३ आलंय, आता सगळं आपोआप होतं."

डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ नं मजकूर आणि बाइट वेगळे केले, हे फार मोठं काम झालं. २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून स्ट्रिंग आत कशी ठेवायची तेही सुधारलं: साधा इंग्रजी मजकूर अक्षराला १ बाइटनं, देवनागरी २ बाइटनं, आणि एखादा इमोजी मिसळला की अख्खी स्ट्रिंग ४ बाइटनं. पण यामुळेच सी च्या हाती नेमकं काय पडतं, हे समजून घेणं जास्त गरजेचं झालं. सी एक्स्टेन्शनमधून पायथनच्या स्ट्रिंगचं यूटीएफ-८ रूप मागितलं, तर इंग्रजी मजकुरासाठी थेट त्या स्ट्रिंगच्या आतला पत्ता मिळतो. देवनागरीसाठी एकदाच वेगळी प्रत बनते आणि ती त्या स्ट्रिंगलाच चिकटून राहते. दोन्ही वेळा मालक पायथन. सी नं तो मजकूर वाचावा, त्यात लिहू नये, तो मोकळा करू नये, आणि स्ट्रिंग मेल्यावर त्या पत्त्याकडे फिरकू नये.

इथे मालकीचा प्रश्न येतो, आणि त्याचा लिपीशी काडीचा संबंध नाही. सी च्या बाजूला कुणी तो पत्ता ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवून दिला. चाचणी घेताना नाव प्रोग्रॅममध्येच लिहिलेलं होतं. असं नाव कोडसोबत जिवंत राहतं, म्हणून चाचणी झकास पार पडते. दुकानात नावं डेटाबेसमधून येतात. पुढची ओळ वाचली की आधीची स्ट्रिंग मरते, तिची जागा दुसऱ्याच मजकुराला मिळते, आणि जुना पत्ता आता त्या परक्या मजकुराकडे बोट दाखवतो. एकाच्या बिलावर दुसऱ्याचं नाव येऊ शकतं. 'पायथन ३ सांभाळून घेईल' म्हणणाऱ्यांनी सांगावं, यात पायथननं काय सांभाळायचं? वापर कॉल संपल्यानंतरही हवा असेल तर सी नं स्वतःची प्रत करावी, हा नियम माणसानंच पाळायचा आहे.

परतीच्या वाटेवर तर जास्त पडझड होते. सी लायब्ररीनं मॅलॉकनं जागा घेऊन त्यात मजकूर भरून पत्ता परत दिला. सीटाइप्समध्ये परतीचा प्रकार सांगितलाच नाही, तर तो साधा पूर्णांक धरला जातो आणि ६४ बिटांच्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग उडतो. तो तुटका पत्ता वापरला की प्रोग्रॅम कोसळतो. प्रकार अक्षरांचा पॉइंटर सांगितला, तर सीटाइप्स लगेच बाइट्सची प्रत करून देतं आणि मूळ पत्ता हरवतो. तो हरवला की मेमरी मोकळी करता येत नाही. एका लेबलला हे जाणवत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत चालणाऱ्या यंत्रावर संध्याकाळी कॉम्प्युटर रडायला लागतो, आणि सुपरवायझर रीस्टार्टचं बटण दाबतो. योग्य रीत अशी: परतीचा प्रकार व्हॉइड पॉइंटर ठेवावा, त्यावरून बाइट्स वाचावेत, यूटीएफ-८ म्हणून कडक डीकोड करावेत, आणि मग त्याच लायब्ररीचं मोकळं करण्याचं फंक्शन बोलवावं. त्याच लायब्ररीचं, कारण विंडोजवर डीएलएलची मेमरी आणि आपली मेमरी वेगवेगळ्या रनटाइमची असू शकते. एकाची दुसऱ्यानं मोकळी केली की अपघात ठरलेला. ही चूक इंग्रजी मजकुरालाही तितकीच भोवते.

स्वतः सी एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांसाठी तर वाट आणखी सरळ आहे. आर्ग्युमेंट वाचताना नुसता 'एस' वापरू नका, 'एस#' वापरा. म्हणजे पत्त्यासोबत लांबी मिळते. लांबी ठेवायला पायथननं ठरवलेला मोठा पूर्णांक प्रकारच वापरा, ३.१० पासून ३.१२ पर्यंत त्यासाठीचा मॅक्रो हेडरच्या आधी लिहिल्याशिवाय हे चालतच नाही. परत देताना लांबीसकट स्ट्रिंग बनवा. मजकूर नसून कच्चे बाइट असतील, तर ते बाइट्स म्हणूनच परत द्या, ओढूनताणून स्ट्रिंग करू नका.

पायबाइंड११ किंवा सायथॉन वापरणारे म्हणतील, आमचं हे सगळं साधन बघतं. बरंच बघतं, हे मान्य. पण पायबाइंड११ सी++ कडून आलेला मजकूर यूटीएफ-८ च आहे असं गृहीत धरतं. डीएलएल जुन्या इस्कीत किंवा एखाद्या छपाईच्या फॉन्टच्या खासगी सांकेतिक क्रमात बोलत असेल, तर ते गृहीतकच कोसळतं. पायथनच्या प्रमाण संचात इस्कीचा कोडेकसुद्धा नाही. रूपांतराचा तक्ता आपल्यालाच पुरवावा लागतो. पलीकडे कोणतं एन्कोडिंग आहे, हे साधन ठरवत नाही. ते विचारून, तपासून माणसानं लिहून ठेवायचं असतं.

एक गोष्ट मी मोकळेपणानं मान्य करतो. बिल छापणाऱ्या अनेक छोट्या प्रिंटरमध्ये देवनागरीचा फॉन्टच नसतो. जोडाक्षरं बांधणं त्यांना येत नाही. तिथे यूटीएफ-८ कितीही शुद्ध पाठवलं तरी उपयोग शून्य. मग पायथनमध्ये ओळीचं चित्र तयार करून त्याचे बाइट पाठवावे लागतात. पण बघा, चित्राच्या बाइटांमध्ये शून्यं भरपूर असतात. शून्यावर मजकूर संपतो असं मानणारा सी कोड पहिल्या पांढऱ्या भागाशीच थांबेल. म्हणजे चित्र पाठवायचं तरी लांबी सोबत द्यावीच लागते. पळवाट शोधली तरी तोच नियम समोर उभा राहतो.

आता अन्यायाबद्दल. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले, आणि १९४९ साली त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. सिंधी भाषा १९६७ पासून घटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. देवनागरीत सिंधी लिहिताना आत ओढून उच्चारायच्या चार ध्वनींसाठी ॻ, ॼ, ॾ, ॿ ही वेगळी अक्षरं लागतात. २००६ च्या युनिकोड ५.० मध्ये त्यांना जागा मिळाली. रोमनमध्ये 'ग' आणि 'ॻ' दोन्ही एकाच अक्षरात गडप होतात. ज्या माणसांनी घरदार मागे टाकून भाषा तेवढी सोबत आणली, त्यांना त्यांच्याच शहरातला प्रोग्रॅमर सांगतो की तुमचं नाव सिस्टीम घेत नाही. सिस्टीम घेते. तो घेत नाही.

आणि कायदाही आता दुसऱ्या बाजूला उभा आहे. २०२२ साली विधिमंडळानं स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीतून करण्याचा कायदा केला. उल्हासनगरची महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदा त्याच्या कक्षेत येतात. त्यांच्या पावत्या, दाखले, नोंदी ज्या प्रोग्रॅमांतून जातात, तिथे 'इंग्रजीतच ठेवा' हा सल्ला आता सोय म्हणून खपणार नाही.

म्हणून या भागातल्या शिकवणाऱ्यांकडे माझी मागणी स्पष्ट आहे. सी मधली स्ट्रिंग शिकवताना 'हॅलो वर्ल्ड' वर थांबू नका. फळ्यावर उल्हासनगर लिहा, पायथनमध्ये लांबी काढा, ९ येईल. सी च्या स्ट्रलेननं काढा, २७ येईल. दोन्ही बरोबर का आहेत, हे मुलांना समजेपर्यंत पुढे जाऊ नका. मग 'उल्हासनगर-४' मधला देवनागरी आकडा दोन्हींनी वाचून दाखवा: पायथनला '४' हा आकडा कळतो, सी च्या आकडा ओळखणाऱ्या फंक्शनला त्यातले तीन सुटे बाइट दिसतात; आणि ते ऋण संख्या म्हणून गेले तर पुढे काय होईल याची हमी सी चं मानकही देत नाही. हा एक तास नीट शिकवला तर पुढची अनेक वर्षं वाचतील.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी चाचणीच्या यादीत ही नावं कायमची घालावीत: अंबरनाथ, कुळगाव-बदलापूर, दोन्ही प्रकारे लिहिलेलं कऱ्हाडे, एक सिंधी नाव, एक ₹ चं चिन्ह, एक रिकामी स्ट्रिंग, मध्येच शून्य असलेली एक, आणि बफरपेक्षा लांब असलेली एक. शेवटच्या दोन ठिकाणी प्रोग्रॅमनं मोठ्यानं नकार द्यायला हवा. गप्प राहून काहीतरी छापलं, तर चाचणी नापास.

आणि पैसे मोजून प्रोग्रॅम करून घेणाऱ्या दुकानदारांनो, कारखानदारांनो, पुढच्या वेळी कुणी 'मराठी चालत नाही' म्हणाला, तर त्याला तीनच प्रश्न विचारा: सी कडे मजकुराची लांबी जाते का, एन्कोडिंग कुठे लिहिलंय, आणि मेमरी कोण मोकळी करतं? उत्तर आलं तर मराठीही चालेल. उत्तर आलं नाही तर इंग्रजीही आज ना उद्या बंद पडणार आहे. असं काम अर्धवट आहे. ते पुरं होईपर्यंत ताब्यात घेऊ नका.